गिअर काकू टाकतात

मुकुंदराव पिंगळे गाडी चालवायचे तेव्हा गिअर त्यांची बायको टाकायची.

हे वाक्य मी जिथे जिथे म्हटलं आहे तिथे तिथे समोरच्याने "म्हणजे?" असं विचारलं आहे, म्हणून आधीच उलगडून सांगते. स्टिअरिंग मुकुंदरावांच्या हातात. क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर मुकुंदरावांच्या पायाखाली. दोन सीटांच्या मधे गिअरचा जो दांडा असतो त्यावर कुसुमकाकूंचा उजवा हात, आणि काकूंच्या हातावर मुकुंदरावांचा डावा. काकूंचा हात जरा उचलल्यासारखा झाला की मुकुंदराव क्लच दाबत, काकू गिअर बदलत, मुकुंदराव क्लच सोडत. काकूंचा दुसरा हात मोकळा असे. त्यात भाजीची पिशवी, नाहीतर हिवाळ्यात मटार. एका हाताने मटार सोलणारी बाई मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली.

"सिस्टीम आहे ती," मुकुंदराव म्हणत. त्यांच्या घरातल्या प्रत्येक विचित्र गोष्टीला हेच उत्तर होतं. घड्याळ उलटं का टांगलं आहे, सिस्टीम आहे. चहा वाटीतून का पिता, सिस्टीम आहे. विचारणारा गप्प बसला की ते खूश होऊन आत निघून जात.

इंदूरला मिलच्या मागे आमची जी कॉलनी आहे, तिथे त्यांची आणि आमची भिंत एक. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. जे आहे ते आहे आणि जे नाही ते नाही, एवढंच मला कळतं, त्यामुळे मुकुंदरावांशी माझं जमण्याचं काही कारण नव्हतं. पण भिंत एक असली की माणसाला निवड नसते.

ते मिलमध्ये विव्हिंग मास्तर होते. सांचे म्हणजे माग. ते ज्या अवाढव्य शेडमध्ये चालत तिला सगळे सांचाखातं म्हणत, आणि त्या खात्याचे हे मास्तर. ठेंगणे, पँट पोटाच्या वर बांधलेली, मिशी रोज कातरलेली. बोलायचे ते गच्चीवरून खाली हाका मारल्यासारखं. तुम्ही त्यांच्याशी बोलायला लागलात की तुमच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे टक लावून बघत राहायचे. नवीन माणसाला वाटे की आपल्या दातांत पालक अडकला आहे. आणि तुम्हाला दोन वाक्यांच्या वर बोलू द्यायचं नाही, हा नियम. तिसरं वाक्य त्यांचं आणि मग पुढची सगळी त्यांचीच. मी त्यांना वर्षानुवर्षं आगाऊ समजत होते.

गाडीही साधी नव्हती. जुनी इंग्रजी टू-सीटर स्पोर्ट्स कार, बिनछपराची, बसकी, पुढे लांबलचक नाक. माळव्यातल्या कुठल्याशा जहागीरदारांनी हौसेने मागवली होती. त्यांच्या पश्चात ती गोठ्यात पडून होती आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मुकुंदरावांनी ती बैलगाडीला बांधून आणली, अंगणात खोलली आणि पुन्हा जोडली. जोडून झाल्यावर थोडे नटबोल्ट उरले, ते काकूंनी बरणीत भरून फडताळात ठेवले. मागच्या डिकीचं झाकण उलटं उघडलं की आत एक गादी निघायची, तिसऱ्या माणसासाठी. तिथे बसलं की ऊन, धूळ आणि सायलेन्सरचा धूर सगळं पोटभर मिळतं. हे मला कसं माहीत, ते पुढे येईलच.

या गाडीमुळे मुकुंदरावांनी जगाची दोन भागांत वाटणी केली होती: मॅन्युअल आणि ऑटोमेटिक. मॅन्युअल म्हणजे भली, ऑटोमेटिक म्हणजे वाया गेलेली. प्रेशर कुकर मॅन्युअल, कारण शिट्ट्या मोजाव्या लागतात. राजवाड्याजवळचा पोहेवाला मॅन्युअल, कारण गिऱ्हाईक बघून लिंबू पिळतो. स्वतःचे जावई ऑटोमेटिक, कारण ते सासऱ्याच्या प्रत्येक वाक्याला न ऐकताच हो म्हणतात. देशात नवीन आर्थिक धोरण आलं, परदेशी माल आला, टीव्हीवर चॅनेलच चॅनेल झाले, तेव्हा त्यांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं की सरकारही आता ऑटोमेटिक झालं आहे, कोणीच क्लच दाबत नाहीये.

माझी मोपेड बिनगिअरची. ती पाहिली की त्यांना माझी दया येई.

"मास्तरीणबाई, बुरा मत मानो, पण ही गाडी नाही. हिला तुम्ही चालवत नाही, हीच तुम्हाला घेऊन फिरते. लिफ्ट आहे लिफ्ट, फक्त आडवी चालते."

"शाळेत वेळेवर पोचवते, काका."

"पोचवते ना. पोस्टमन पण पोचवतो. पोचणं वेगळं आणि चालवणं वेगळं."

पुढे मी काही म्हणायच्या आत ते निघून जात.

रविवारी सकाळी दोघं पोहे-जिलेबी आणायला राजवाड्याकडे जात. तिथल्या गर्दीत ती उघडी गाडी आणि त्यातले एकमेकांचा हात धरलेले दोन म्हातारे, हे दृश्य बघायला माणसं दुकानांतून बाहेर येत. एकदा चौकातल्या हवालदाराने गाडी थांबवली. तो बराच वेळ नुसता बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, "गाड़ी चला कौन रहा है?"

"दोनों," मुकुंदराव म्हणाले.

"तो दोनों का लायसन दिखाओ."

मुकुंदरावांनी स्वतःचं दाखवलं. काकूंकडे नव्हतं. हवालदाराचे डोळे चमकले. तेव्हा मुकुंदरावांनी त्याला समजावलं की चालवतो मी, ही फक्त गिअर टाकते, आणि गिअर टाकायला लायसन लागतं असं कुठे लिहिलं आहे ते दाखवा. हवालदाराने खूप आठवून पाहिलं. तोवर मागे टेम्पो, सायकली आणि एक उंट अडकले होते. शेवटी त्याने काकूंना हात जोडले आणि म्हणाला, "माताजी, आप ही डालो और ले जाओ इनको."

दोघांचं भांडण झालं की कॉलनीला कळायला वेळ लागत नसे. इतर घरांत भांड्यांचा आवाज होतो, यांच्याकडे गाडीचा होई. काकू गाडीत बसत, पण हाताची घडी घालून. मुकुंदराव चिडून पहिला गिअर स्वतः टाकत आणि मग तोच टाकून ठेवत. एका रविवारी ते राजवाड्यापर्यंत पहिल्याच गिअरमध्ये गेले आणि पहिल्याच गिअरमध्ये परत आले. इंजिन असं किंचाळत होतं की गल्लीतली कुत्री पळाली. मी म्हटलं, काय हट्टी माणूस आहे. परतल्यावर काकू शांतपणे उतरल्या आणि पिशवीतल्या जिलेब्या मला देत म्हणाल्या, "यांना सांगितलं नाही तर कळत नाही हो." नवऱ्यांबद्दल सगळ्याच बायका असं म्हणतात, म्हणून मी त्यात काही जास्त पाहिलं नाही.

मग मिल बंद पडली. एका सकाळी पाळीची माणसं गेली तर गेटला कुलूप. ती माणसं बरेच दिवस गेटसमोर बसून होती. मग हळूहळू कोणी हातगाडी लावली, कोणी गावी गेलं, कोणी सराफ्यात रात्री खाण्याचे ठेले लागतात तिथे भांडी घासायला लागलं. मुकुंदराव मात्र डबा घेऊन रोज वेळेवर निघत, गेटसमोर उभ्याने डबा खात आणि वेळेवर परत येत. विचारलं तर सिस्टीम आहे. काकू रोज डबा भरून देत होत्या. हसावं की काय करावं ते आम्हाला कळत नसे.

त्या दिवसांत एकदा मी काकूंसोबत ओट्यावर मेथी निवडत बसले होते. मी सहज म्हटलं, "तुम्ही पाहिली असेल ना मिल आतून?"

"कुठली? लग्न झाल्यापासून सांगतायत, एकदा दाखवीन, एकदा दाखवीन."

"पण दसऱ्याला यंत्रांची पूजा असायची. घरच्या बायका जायच्या की आत."

"जायच्या ना. सगळ्या जायच्या. पण पूजेला सांचे बंद ठेवतात. यांचं म्हणणं, बंद मिल काय बघायची, त्यापेक्षा गोदाम बघ. दाखवीन तर चालू दाखवीन. आणि चालू असताना सांचाखात्यात बाई न्यायला मालकांची मनाई." काकूंनी मेथीची जुडी झटकली. "आता पाडणार म्हणतात. प्लॉट पडतील. यांना झोप नाही. मी म्हटलं, राहू द्या हो, नाही पाहिली तर काय बिघडलं. तर म्हणाले, शब्द दिलाय मी."

शब्द पाळायची संधी आणली पप्पूभियाने.

पप्पूभिया म्हणजे आमच्या पलीकडच्या गल्लीतला सोयाबीनच्या तेलाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तोवर माणसांचं तेल निघत होतं, आता सोयाबीनचं निघायला लागलं आणि त्या तेलावर पप्पूभियाने परदेशातून लाल रंगाची स्पोर्ट्स कार आणवली. ऑटोमेटिक. ती आली त्या दिवशी तो ती थेट पिंगळ्यांच्या दारात घेऊन आला, कारण मॅन्युअल-ऑटोमेटिकचं पुराण त्यानेही लहानपणापासून ऐकलं होतं.

"काका, बैठो तो सही. ज़माना ऑटोमेटिक का है. डी पर डालो और भूल जाओ."

मुकुंदराव बसले. स्टिअरिंगला हात लावला नाही. मधल्या दांड्यावर पंजा ठेवला आणि डोळे मिटून बसून राहिले. इंजिन चालू होतं. गल्ली जमली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी हात काढून घेतला.

"हा काही बोलत नाही," ते म्हणाले.

"कौन, काका?"

"दांडा. मुका आहे. आमचा बघ, नुसता हात ठेवला तर आतलं सगळं सांगतो. थरथरतो. हा म्हणजे छत्रीची मूठ."

गल्ली पोट धरून हसली. पप्पूभियाही हसला. मुलगा मनाने चांगला होता, फक्त त्याला वेळ फार होता. अशाच वेळ असलेल्या मित्रांचा त्याने मोटर क्लब काढला आणि या क्लबला रेस लावायला जागा हवी म्हणून बंद मिलचं आवार एका रविवारपुरतं मिळवलं. समोरच्या पटांगणातून सुरुवात, मग बॉयलरच्या वळणाने शेडच्या मागे, सांचाखात्यावरून पुन्हा पटांगणात. एका वेळी एक गाडी, घड्याळ लावून. बघणाऱ्यांनी पटांगणात दोराच्या अलीकडे उभं राहायचं. आत फक्त गाड्या जाणार.

गाडी आत जाणार, हे ऐकताच मुकुंदरावांनी नाव दिलं.

त्यानंतर आठवडाभर ते आणि काकू कॉलनीच्या मैदानाभोवती गिअरचा सराव करत फिरत होते. चौथा गिअर एरवी फक्त गावाबाहेर, महूच्या छावणीत काकूंच्या भावाकडे जाताना लागायचा. तो आता मैदानातही टाकून बघितला गेला आणि एका घराचं कुंपण त्यात कामी आलं. काकूंनी निळं इंदुरी लुगडं इस्त्री करून ठेवलं. रेससाठी लुगडं इस्त्री करणारी बाई पाहून मला गंमत वाटली, पण त्या जात होत्या मिल बघायला.

रविवारी गेट उघडलं. मुकुंदराव आणि काकू गाडीतून, मी आणि बाकी कॉलनी पायी. पटांगणात गवत कमरेएवढं वाढलं होतं, ते क्लबने कापून घेतलं होतं. नियम सांभाळायला महूहून एक रिटायर्ड मेजरसाहेब आणले होते. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. त्यांनी टू-सीटरमध्ये दोन माणसं पाहिली आणि म्हणाले, "वन कार, वन मॅन. मॅडम बाहर."

मुकुंदराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी सुरुवात केली. टांग्यात दोन असतात. क्रिकेटमध्ये बॅटिंगला दोन असतात. आमच्यात सत्यनारायणाला जोडपं बसवतात, एकट्याची पूजा अर्धी. मग रेसला काय हरकत.

"पूजा और रेस में फर्क है, पिंगळेजी."

"इंतजाम का फर्क है साहब, उसूल एकच."

मेजरसाहेबांनी अर्धं आयुष्य फौजेत काढलं होतं, पण असा हल्ला त्यांच्यावर झाला नव्हता. तरी ते हटले नाहीत. एक गाडी, एक माणूस.

काकूच शेवटी उतरल्या. लुगडं नीट केलं, दाराशी वाकल्या आणि मुकुंदरावांच्या समोर तोंड आणून सावकाश म्हणाल्या, "तुम्ही जा. बघून या. मला सांगा मग."

मुकुंदरावांचा चेहरा पडला. काकू येऊन माझ्याजवळ दोराशी उभ्या राहिल्या.

आधी पप्पूभिया गेला. लाल गाडी सरसर निघाली, कुठे हिसका नाही की खडखड नाही, एक कोपर खिडकीबाहेर, आणि चहा थंड व्हायच्या आत परत. टाळ्या झाल्या. मग मेजरसाहेबांनी हिरवं निशाण पाडलं आणि मुकुंदराव निघाले.

पहिला गिअर ठीक पडला. गाडी उसळली, आवाज चढला. पटांगणाच्या मध्याशी दुसरा टाकायला हवा होता, हे माझ्यासारख्या मोपेडवालीलाही कळत होतं. त्यांनी टाकला नाही. इंजिन किंचाळायला लागलं. मुलं हसायला लागली. काकूंनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांनी खाली ओढलं.

"टाका," त्या पुटपुटल्या. "आता टाका हो दुसरा."

गाडी बॉयलरच्या वळणावर पहिल्याच गिअरमध्ये पोचली. काकूंनी माझं मनगट पुन्हा खाली ओढलं, मग वर ढकललं. माझ्या हातावर त्या दुसरा टाकत होत्या, तिसरा टाकत होत्या.

"एवढा आवाज होतोय आणि हट्टाने टाकत नाहीयेत," मी म्हटलं.

"हट्ट नाही हो." काकूंचं लक्ष गाडी दिसेनाशी झाली त्या वळणाकडेच होतं. "त्यांना ऐकू येत नाही. इंजिन ओरडतंय ते त्यांना कळतच नाहीये."

"कमी ऐकू येतं?"

"काहीच नाही. त्या सांच्यांनी कान खाल्ले. मिलच्या शेवटच्या वर्षांत उरलंसुरलं गेलं. कोणाला सांगायचं नाही म्हणाले, मास्तर बहिरा झाला म्हणतील. तोंडाकडे बघून समजतं सगळं. ते तर तिथे सगळ्यांनाच येतं, त्या आवाजात कोण कोणाचं ऐकणार." मग त्या म्हणाल्या, "गिअरचं मात्र कुठल्या तोंडाकडे बघणार. म्हणून मी."

मला एकदम सगळं आठवायला लागलं. दातांतला पालक. ते तिसरं वाक्य. दारावरची घंटा वाजली की नेहमी काकूच येतात ते. जिलेब्या देताना काकू म्हणाल्या ते, सांगितलं नाही तर कळत नाही. काकूंच्या हातावर ठेवलेला तो डावा हात, जो बघायला राजवाड्यावर माणसं जमायची. आम्ही सगळे त्याला हौस म्हणत होतो.

शेडच्या मागून येणारी किंकाळी अचानक थांबली. मेजरसाहेब घड्याळाकडे बघत राहिले. लोकांची चुळबुळ सुरू झाली, कोणीतरी बघायला जावं असं म्हणू लागलं, तेवढ्यात पुन्हा इंजिनाचा आवाज आला आणि गाडी बाहेर आली. पण जिथून यायला हवी तिथून नाही. गेली त्याच वाटेने परत फिरून, पहिल्याच गिअरमध्ये, नाकातून वाफ सोडत.

मेजरसाहेब शिट्टी वाजवत धावले. छाती फुटेस्तोवर वाजवत होते. ती शिट्टी फुकट चालली आहे हे त्या अख्ख्या पटांगणात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

गाडी दोराशी येऊन थांबली. मुकुंदरावांनी आतून डावं दार उघडलं.

"सांचाखात्याचं मोठं दार उघडं आहे," ते काकूंना म्हणाले. "गाडी आत जाते. मी एकटा नाही गेलो. चल."

तोवर पप्पूभिया आला. त्याने वाफ पाहिली आणि त्याला वाटलं की जुन्या गाडीचा गिअर अडकला. "काका, इसको रहने दो. मेरी ले जाओ. काकी को बिठाओ, आराम से घुमा लाओ. साहब को मैं देख लेता हूं. इसमें कुछ करना ही नहीं पड़ता." आणि किल्ली पुढे केली. खरं सांगते, त्या वेळी मला तो मुलगा फार आवडला.

मुकुंदरावांनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत पाहिलं. मग त्यांनी त्या लाल गाडीकडे पाहिलं आणि काकूंकडे पाहिलं.

"मग ही काय करेल?" त्यांनी विचारलं.

पप्पूभिया इंदूरचा, त्याला मराठी चांगलं कळतं. किल्ली खिशात टाकून त्याने स्वतःच्या हाताने दोर वर उचलला. "साहब," तो मेजरसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला, "चलो, चाय पीते हैं."

काकू बसल्या. बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुम्हीही चला मागे. हे नंतर काय काय सांगत फिरतील, कोणीतरी खरं सांगणारं असू दे." अशी मी डिकीत चढले, साडी सावरत, पर्स पोटाशी धरून.

दुसरा. तिसरा. काकूंचा हात उचलल्यासारखा झाला की गाडी हसून पुढे होत होती. बॉयलरचं वळण, कोळशाचं पटांगण, आणि मग ते दार.

आत काहीच नव्हतं. सांचे केव्हाच भंगारात विकले गेले होते. जमिनीवर नुसते त्यांच्या पायांचे चौकोन, वर पत्र्याचं छप्पर आणि त्यात कबुतरं. मला वाटलं, आता या माणसाचं काय होणार. चालू दाखवीन म्हणाला होता.

मुकुंदरावांनी गाडी शेडच्या मधोमध उभी केली. काकूंनी दांडा न्यूट्रलला आणला. मग मुकुंदरावांनी काकूंचा पंजा त्या दांड्यावर सपाट ठेवला, वर आपला ठेवला, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

मी अजून तो आवाज विसरले नाही. पत्रा, भिंती, जमीन, सगळ्यांनी तो उचलला आणि एकमेकांवर फेकला. कबुतरं उडाली. माझी गादी, माझे दात, पर्समधली चिल्लर, सगळं थरथरत होतं. मी काहीतरी ओरडले ते मलाच ऐकू आलं नाही.

ते दोघं मात्र बोलत होते. मुकुंदरावांचे ओठ हलत होते. उजव्या हाताने ते दाखवत होते, इथून रांगा, इकडून तिकडे, असे धोटे पळायचे, तिकडे मी उभा असायचो. जन्मात पहिल्यांदा ते आवाज न करता बोलत होते. काकू त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. मग काकूंचे ओठ हलले, काहीतरी विचारलं, आणि मुकुंदराव मान मागे टाकून हसले. त्या आवाजात मी ठार बहिरी होते आणि त्या दोघांची एक गोष्टही चुकत नव्हती. मला त्यांचा हेवा वाटला, सरळ सांगते, आणि रडूही आलं. डिकीत ते कोणाला दिसत नव्हतं.

खूप वेळाने त्यांनी पाय काढला. काकूंनी पहिला टाकला. आम्ही बाहेर आलो.

दोराशी पप्पूभिया चहाचा ग्लास घेऊन उभा होता. मला हात देऊन त्याने डिकीतून खाली उतरवलं. "टीचरजी," त्याने हळूच विचारलं, "इतनी देर? अंदर था क्या?"

मुकुंदराव माझ्या तोंडाकडे बघत होते.

"सांचे," मी म्हटलं, त्यांना नीट दिसेल असं, सावकाश. "चालू होते."